सरांना न आलेलं गणित

मी रागीट आहे हे माहेरी, सासरी आणि शाळेत सगळ्यांना माहीत आहे. राग आला की बोलून मोकळं व्हावं, असं लोक सांगतात. मला ते कधी जमलं नाही. मी राग ठेवून देते, लोणच्यासारखा तो माझ्यात मुरतो, आणि एका माणसावरचा राग तर मी इतका जपून वापरला की तो माणूस म्हातारा होईपर्यंत मला पुरला. त्यांचं नाव इथं घेत नाही. मी त्यांना सर म्हणेन आणि अहो-जाहो करेन. तेवढं वळण मला आईनं लावलं आहे. मनातल्या मनात मात्र मी त्यांना कायम अरे-तुरेच करत आले.

सर लातुरात गणिताचे क्लास चालवायचे आणि मी त्यांच्याकडं नोकरीला होते. पण राग समजायचा तर त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल, कारण सरांनी अपमान नुसता माझा केला असता तर मी तो कदाचित विसरलेही असते.

भूकंप झाला तेव्हा मी नुकतीच डी.एड. झाले होते. पहिली नेमणूक मिळाली ती औशाच्या पुढच्या एका गावात. गाव म्हणजे पत्र्याच्या शेडांच्या रांगा होत्या. शाळाही पत्र्याचीच. उन्हात आत बसवत नसे आणि वारा सुटला की शिकवलेलं ऐकू येत नसे. मुलं यायची, बसायची, पण बोलायची नाहीत. हजेरी घेतली तर हात वर करायची. काही नावं मी पुकारायची आणि सगळा वर्ग खाली बघायचा, मग त्या नावाच्या मुलाचं काय झालं ते मला कळायचं.

पुस्तकात त्रैराशिकाचं गणित होतं. अमुक गवंडी एक भिंत इतक्या दिवसांत बांधतात, तर दुप्पट गवंडी किती दिवसांत बांधतील. पिढ्यान् पिढ्या हेच गणित चालत आलं आहे, आम्हालाही ते होतं. मी ते फळ्यावर लिहिलं. पुढं बसलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तिच्यामागं दुसरी गेली, मग तिसरा. हेडमास्तरांनी दारातून पाहिलं. ते आत आले, स्वतःच्या हातानं फळा पुसला आणि परत गेले. त्या मुलीचं सगळं घर दगडी भिंतींखाली गेलं होतं. ती चुलत्याकडं राहत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. मोजायला दगड-गोटेही घ्यायचे नाहीत, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. घरून चिंचोके आणले. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नदीपार कशी न्यायची, इथून सुरुवात केली. पेन्सिल न उचलता पाकिटाचं चित्र कसं काढायचं, ते झालं. मग एक आकड्यांचा खेळ घेतला. तो मला कॉलेजात एका प्राध्यापकांनी गंमत म्हणून दाखवला होता. कोणताही आकडा घ्या. सम असला तर निम्मा करा. विषम असला तर तिप्पट करून त्यात एक मिळवा. जो येईल त्याला पुन्हा तेच करा. सहा घेतले की तीन येतात, तिनाचे दहा, दहाचे पाच, पाचाचे सोळा, आणि मग आठ, चार, दोन, एक. कुठूनही निघालात तरी शेवटी एकावर येता.

मुलांना हा खेळ लागला. चिंचोक्यांचे ढीग करायची, वाटून घ्यायची, भांडायची. भांडणाचा आवाज त्या शेडात पहिल्यांदा आला तेव्हा हेडमास्तर पुन्हा दारात आले होते. ती बाहेर जाऊन उभी राहणारी मुलगी मला एक दिवस म्हणाली, "बाई, समदे आकडे एकावरच येऊन राहिलेत. एखादाबी निसटत न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. मी रविवारी एस.टी.नं लातूरला गेले आणि त्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले की कोणालाच माहीत नाही. मोठमोठ्या गणितज्ञांनी डोकं लावून पाहिलं, एकही आकडा निसटलेला सापडला नाही आणि कधीच निसटणार नाही हेही कोणाला सिद्ध करता आलं नाही. सोमवारी मी मुलांना तसंच सांगितलं.

"लई शिकलेल्या मानसालाबी येत न्हाई?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं, तर ती हसली.

त्या दिवसांत गावात जो येई त्याच्याकडं उत्तर असे. भूकंप का झाला याचं उत्तर. कोणी पापाचं सांगे, कोणी धरणाचं, कोणी जमिनीच्या पोटातल्या पाण्याचं. साहेब येत, मंडळं येत, बुवा येत, आणि सगळे त्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून आपापलं उत्तर देऊन जात. ज्याचं उत्तर कोणाकडंच नाही आणि तसं सरळ सांगितलं जातं, अशी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. मुलं वर्षभर त्या निसटणाऱ्या आकड्याच्या मागं होती. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं निसट्या. सकाळी शाळेत आल्यावर एकमेकांना विचारायची, निसट्या घावला का. मी गणित शिकवायला शिकले ते तिथं, त्या पोरांकडून. नंतर जे काही केलं ते त्या पत्र्याखालचंच होतं.

तिथली नेमणूक संपली तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. डाळमिलच्या रस्त्याला, धान्याच्या मोंढ्यामागं, जिथं जागा मिळेल तिथं बोर्ड लागत होते. नांदेडहून, परभणीहून, अगदी सीमेपलीकडून मुलं येत होती आणि त्यांच्या आया एकेका खोलीत स्टोव्ह मांडून राहत होत्या. सरांचा क्लास त्यातला नावाजलेला. मला आठवी-नववीच्या बॅचला घेतलं.

सरांचे दोन नियम होते. पहिला बेंचचा. दर शनिवारी टेस्ट आणि सोमवारी नंबराप्रमाणं बेंच. पहिला नंबर पहिल्या बेंचवर, आणि शेवटचा जिथं पंख्याचा वारा पोचत नाही तिथं. दुसरा नियम कीचा. की म्हणजे उत्तरांची यादी. की तयार असल्याशिवाय वर्गात एकही प्रश्न विचारायचा नाही. आधी की टाइप व्हायची, मग तिला शोभेल असा प्रश्न. सरांना मी कधी विचार करताना पाहिलं नाही. प्रश्न पडायचा अवकाश, उत्तर आलंच. मुलं म्हणायची, सरांना सगळं येतं. आणि सरांना ते ऐकायला फार आवडायचं. मान थोडी तिरकी करून ऐकायचे. ती मान मला अजून दिसते.

मी तासाची शेवटची दहा मिनिटं माझ्यासाठी ठेवली होती. कोडी घालायची. एकदा तो आकड्यांचा खेळ घातला आणि जे शेडात झालं तेच इथं झालं. मुलांना वेड लागलं. एका मुलानं तर पूर्ण आठवडा सत्तावीस या आकड्यात घालवला. तो आकडा मोठा खट्याळ आहे. दिसतो साधा, पण चढत चढत नऊ हजारांच्या वर जातो आणि मग कुठं उतरायला लागतो. पोरगा वहीभर आकडे लिहून आनंदानं नाचत आला. शनिवारी त्याची टेस्ट बिघडली आणि सोमवारी तो तिसऱ्या बेंचवरून पंख्यापलीकडं गेला. त्याचे वडील डाळमिलवाले. ते सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसले.

सर मला केबिनमध्ये बोलावून रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पालक मेळावा होता, हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत डाळमिलवाले. सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाले, मॅडम, मुलांना तुम्ही जो प्रश्न घातला तो आम्हालाही सोडवून दाखवा. मी प्रश्न लिहिला. म्हणाले, सोडवा. मी म्हटलं, हा कोणालाच सुटलेला नाही. सर पालकांकडं वळले आणि मान तिरकी करून हसले. हॉल हसायला लागला. मी फळ्यापाशी उभी. सर म्हणाले, हो ना, पण तुम्ही प्रयत्न तर करा. मी उभीच. हातातला खडू मी इतका घट्ट धरला होता की तो मोडला, आणि त्यावरही लोक हसले.

मग सर ते बोलले. "मॅडम आधी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायच्या. तिथं उत्तर आलं काय अन् नाही आलं काय, कोण विचारतंय. इथं मुलांचं भविष्य असतं."

हॉल पुन्हा हसला. मला माझं हसू झालेलं चाललं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती मुलगी आली. तिचं भविष्य नसतं, असं हा माणूस चारशे लोकांना हसवत सांगून राहिला होता. सरांनी मला फळा पुसायला लावला. मी पुसला. त्या क्षणी मी ठरवलं, की एक दिवस या माणसाच्या हातात मी खडू देईन, हाच प्रश्न देईन, आणि तो माझ्यासमोर म्हणेल की येत नाही. मला बाकी काही नको होतं. पगार घेतला नाही, पिशवी उचलली आणि निघाले.

पुढं लग्न झालं, मालक पाटबंधारे खात्यात होते, बदली नांदेडला झाली आणि आम्ही तिथलेच झालो. एका शाळेत मी नोकरी धरली आणि घरच्या हॉलमध्ये रविवारी कोड्यांचा वर्ग सुरू केला. लोकांना वाटायचं बाई किती हौशी आहेत. त्यांना कुठं माहीत की त्या वर्गाचा एकेक नियम मी सरांना खिजवण्यासाठी केला होता. तिकडं बेंच होते, म्हणून माझ्याकडं सतरंजी, आणि तिच्यावर गोल बसायचं. तिकडं की होती, म्हणून माझ्याकडं उत्तर विचारायला बंदी. तिकडं फळा पुसायला लावला होता, म्हणून माझा फळा आठवडेच्या आठवडे पुसला जात नसे. एक प्रश्न लिहायचा आणि ज्याची पाळी असेल त्यानं पुढं न्यायचा. अडला की त्यानं मोठ्यानं सांगायचं, येत नाही. मग तिथं आडवी रेघ मारायची, "इथं अडलं" असं लिहून खाली आपलं नाव घालायचं आणि खडू पुढच्याला द्यायचा. पुढचा त्या रेघेच्या खालून सुरू करी. कधी कधी एका फळ्यावर पाच-सहा रेघा असायच्या. पुढं पुढं मुदखेडहून दोघी बहिणी पॅसेंजरनं यायच्या, त्या दारातून आत शिरतानाच आधी फळा बघायच्या, आज कुणाची रेघ आहे म्हणून.

इकडं सरांची खबर मी ठेवून होते. क्लासची तीन मजली इमारत झाली, मग दुसरी. लातूरला गेले की मुद्दाम रिक्षा त्या रस्त्यानं घ्यायला लावायची आणि बोर्डावरचा त्यांचा फोटो बघून यायची. फोटोतही मान तिरकी. मालक म्हणायचे, एवढा द्वेष बरा नाही, तब्येतीला त्रास होतो. माझी तब्येत ठणठणीत होती.

मी पन्नाशी ओलांडली तेव्हाची गोष्ट. एक डॉक्टरीण बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अकरा वर्षांची, हुशार दिसत होती, पण टेस्टच्या दिवशी सकाळी उलट्या करायची. आधी फक्त गणिताच्या टेस्टला, मग नुसता गणिताचा तास असला तरी. औषधं झाली, काही उपयोग नाही. डॉक्टरीण बाई सांगत होती, की सासरे घरीच घड्याळ लावून तिला बसवतात, ते लातूरचे मोठे सर होते, आता वय झालं म्हणून आमच्याकडं राहायला आले आहेत. तिनं आडनाव सांगितलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

पुढचं ती कळवळून बोलली. सासऱ्यांनी ठरवलं होतं, की जूनपासून मुलीला लातूरला त्यांच्या जुन्या क्लासच्या निवासी बॅचला ठेवायचं. तिथं शिस्तीत राहिली की हे उलट्यांचं नाटक बंद होईल. नवरा वडिलांपुढं बोलत नाही. मुलीनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. जूनपर्यंत तिच्यात काही फरक दिसला तरच लातूर टळणार होतं.

मुलगी आईला चिकटून बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. खरं सांगते, मला आधी ती दिसलीच नाही. मला दिसली सरांची नात. मी म्हटलं, हाव, पाठवा.

पहिल्या रविवारी तिला सोडायला सर स्वतः आले. वाकले होते, काठी होती. मी दारात उभी. त्यांनी माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि विचारलं, तुम्ही मूळच्या नांदेडच्याच का. त्यांना मी आठवत नव्हते. मी त्यांच्यावर अर्धं आयुष्य राग धरला आणि त्यांनी मला लक्षातही ठेवलं नव्हतं. हा नवा अपमान मी जुन्यात मिळवला आणि त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

मुलगी पहिले काही रविवार सतरंजीच्या कडेला नुसती बसून राहिली. तिची पाळी आली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. बाकीची मुलं म्हणायची, येत नाही म्हण ना आणि रेघ मार. तिला ते खरंच वाटत नव्हतं. ज्या दिवशी तिनं पहिली रेघ मारली आणि खाली नाव लिहिलं, त्या दिवशी ती माझ्याकडं बघून बसली होती, की आता हिचा हात कधी उठतो. मी फक्त म्हटलं, पुढचं कोण? त्यानंतर तिच्या रेघा वाढल्या. शाळेच्या टेस्टला मात्र उलट्या अजून व्हायच्या.

मग मी माझा प्रश्न बाहेर काढला. आकड्यांचा खेळ शिकवला आणि तिला म्हटलं, कोणताच आकडा निसटत नाही हे सिद्ध कसं करायचं ते आजोबांना विचार. त्यांना सगळं येतं.

बाण बरोबर लागला. डॉक्टरीण बाईचा फोन आला, की सासरे जेवायला उठत नाहीत, कागदावर आकडे करत बसतात, तुम्ही काय दिलंय? मी म्हटलं, साधा बेरीज-गुणाकार आहे. फोन ठेवून मी मालकांना जिलबी आणायला सांगितली. मग सर मुलीला सोडायला येत आणि जिन्यात मला थांबवत. आधी म्हणाले, प्रश्न चांगला आहे. नंतर म्हणाले, जवळपास झालंय. एका रविवारी त्यांनी सरळच विचारलं, की याची की तुमच्याकडं असेल ना, फक्त शेवटची पायरी दाखवा. मी म्हटलं, याची की नाहीच. त्यांना ते पटलं नाही. की नसलेला प्रश्न कोणी मुलांना घालेल, हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. मी खरं सांगत होते आणि ते मला लबाड समजून कुढत होते. इतका स्वस्त सूड मला कोणी विकत दिला नसता.

शेवटी एक दिवस ते काठी टेकत वर आले आणि म्हणाले, झालं, सुटलं. मी म्हटलं, मग मुलांसमोरच दाखवा. आणि फळ्यापाशी नेऊन त्यांच्या हातात खडू दिला.

मी हळूच, त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, तुमच्या क्लासच्या मेळाव्यात मला हाच प्रश्न तुम्ही चारशे लोकांपुढं सोडवायला लावला होता. पत्र्याच्या शेडमधल्या बाई. आठवतंय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आठवायचा खरंच प्रयत्न केला असावा.

"असेल," ते म्हणाले. "तेव्हा मी पुष्कळ लोकांना असं बोलायचो."

मी बाजूला झाले. आता दया-माया काही शिल्लक ठेवायची नाही असं ठरवून भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यांनी सुरुवात झोकात केली. आवाज तोच, लातूरच्या हॉलमधला. म्हणाले, विषम आकडा तिप्पट होतो, पण लगेच सम होऊन निम्मा होतो. कधी दोनदा निम्मा होतो, कधी तीनदा. चढणं आणि उतरणं दोन्ही धरून सरासरी काढली, तर आकडा उतरतच जातो. सरासरी उतरते, म्हणून प्रत्येक आकडा शेवटी एकावर येणारच. झालं सिद्ध. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या आणि मान तिरकी केली.

हे चूक आहे हे मला माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सतरंजीवरून त्यांची नात बोलली.

"पण आजोबा, वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून सगळेच पास होतात का? मी नाही का नापास झाले."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरोखर शंका आली होती. सर फळ्याकडं वळले. पाठीवरून दिसत होतं की त्यांना ते समजलं आहे. एखादा आकडा सरासरी न जुमानता वरच चढत राहिला तर? त्याला अडवणारं त्यांच्याकडं काही नव्हतं. त्यांनी एक ओळ लिहिली, बोटानं पुसली, पुन्हा लिहिली. मी वाट बघत होते. मला घाई नव्हती.

मग ते म्हणाले, "येत नाही."

मोठ्यानं, स्वच्छ. मी ज्या दोन शब्दांसाठी म्हातारी झाले ते माझ्या हॉलमध्ये, माझ्या फळ्यापुढं, माझा खडू हातात धरून त्या माणसानं उच्चारले. मी मुलांकडं पाहिलं. आता हसतील. एक तरी हसेल.

कोणी वर बघितलंसुद्धा नाही. एक पोरगं नाक पुसत होतं. मुदखेडची थोरली म्हणाली, "आजोबा, मग रेघ मारा आणि नाव लिहा ना. माझी पाळी आहे." त्यांना नियम माहीत नव्हता, तो तिनंच समजावून सांगितला. सरांनी आडवी रेघ मारली. "इथं अडलं" असं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं, आडनावासकट, आणि खडू तिच्या हातात दिला. नातीनं सरकून सतरंजीवर जागा केली. त्यांना खाली बसायला वेळ लागला, दोघांनी हात धरले. बसल्यावर नात त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला लागली आणि ते मान सरळ ठेवून ऐकत होते.

जूनमध्ये ती लातूरला गेली नाही. आजोबांनीच नको म्हटलं, असं डॉक्टरीण बाईनं फोनवर सांगितलं. घड्याळ लावणं बंद झालं आणि पुढच्या टेस्टच्या सकाळी मुलीनं पोहे खाल्ले, तिला तीसपैकी सतरा मिळाले. मला आनंद झाला. मी दगड नाही. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चडफडत बसले.

कारण माझ्याच वर्गानं मला धोका दिला होता. सरांना खिजवायचं म्हणून मी जे एकेक नियम केले, त्यांनीच मिळून अशी खोली तयार केली होती जिथं कोणाला न येणं ही लाजेची गोष्टच राहिली नव्हती. तिथं सरांना तरी लाज कशी वाटणार? लातूरचा तो हॉल हवा होता. डाळमिलवाले हवे होते पहिल्या रांगेत. चारशे लोक पोट धरून हसायला हवे होते. त्याऐवजी मला मिळाली आठ पोरं, आणि त्यांच्या लेखी एक म्हातारा अडला, त्यानं रेघ मारली, पुढच्याची पाळी आली. संपलं.

मी सरांना माफ केलेलं नाही. ते आता दर रविवारी येऊन नातीच्या शेजारी बसतात, त्यांना मी बाकीच्यांबरोबर चहा देते, साखर विचारून देते, पण माफ केलेलं नाही. तो पराभव बघायला त्या दिवशी खोलीत माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. म्हणून हे छापून यावं असं मला वाटतं. लातूरच्या त्या हॉलमध्ये जे जे हसले होते, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी नीट ऐकावं. सरांना ते गणित आलं नाही.